ड्यूकचं नाक आणि दोन प्लेट भजी

पावसाळ्यात पुण्याहून लोणावळ्याला निघणाऱ्या प्रत्येक गाडीत एक माहितगार असतोच. त्याला वेगळं आमंत्रण लागत नाही. तो कुणाचा तरी काका असतो, कुणाचा मेव्हणा, कधी नुसताच शेजारी; पण बसतो पुढच्या सीटवर, कारण मागच्या सीटवरून माहिती नीट देता येत नाही. देहूरोड गेलं की त्याचा घसा मोकळा होतो तो खंडाळ्यापर्यंत बंद होत नाही. मागे शिष्यवृत्तीच्या परीक्षेची पोरं कोंबलेली असतात. त्यांना जगातली सगळ्यात लांब नदी, सगळ्यात उंच शिखर आणि मंगोलियाची राजधानी तोंडपाठ असते. इंद्रायणी कुठून निघते हे मात्र त्यांना विचारू नये. ते पोर्शनमध्ये नाही.

अशा गाड्यांत मधल्या सीटवर, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन मी पुष्कळ ज्ञान ऐकलं आहे. त्यावरून माझं मत असं झालं आहे, की मावळाबद्दल थाप मारली तर ती एकमताने मंजूर होते आणि खरी गोष्ट सांगितली की सगळी गाडी म्हणते, "काहीही हं!" टायगर पॉइंटवरून वाघ समोरच्या डोंगरावर उडी मारायचे, असं काकांनी सांगितलं तर मागून "बाप रे!" येतं. मधे अख्खी दरी पसरलेली समोर दिसत असते, तरी कुणाला शंका येत नाही. लायन्स पॉइंटला पूर्वी सिंह होते म्हटलं तरी चालतं. आशियाई सिंह आता फक्त गुजरातेत गीरला उरलाय, हे त्याच पोरांनी आठवड्यापूर्वी पेपरात लिहिलेलं असतं. पण पेपर वेगळा आणि सहल वेगळी.

आता खरी गोष्ट सांगून बघा. तळेगाव मागे टाकून वडगाव मावळ आलं, की गाडीत सांगा, "इथे इंग्रज शरण आले होते." काका लगेच म्हणतात, "छे छे, इंग्रज कसले शरण येतात! ते आपण." एवढ्या आत्मविश्वासाने आपला पराभव सांगणारा माणूस जगात दुसरीकडे सापडायचा नाही.

गोष्ट १७७९ सालच्या जानेवारीतली आहे. रघुनाथरावांना पेशव्यांच्या गादीवर बसवायचं म्हणून मुंबईकर इंग्रजांची चार हजारांच्या आत-बाहेरची फौज घाट चढून वर आली. बरोबर सामान वाहायला सुमारे १९ हजार बैल. म्हणजे माणशी चार-पाच बैल पडले. फौजेचं नेतृत्व एका सेनापतीकडे नव्हतं, कमिटीकडे होतं. कर्नाक, इगर्टन आणि मॉस्टिन असे तिघे त्या कमिटीत. त्यातला मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि तिथेच वारला. उरलेल्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. ज्यांनी सोसायटीच्या कमिटीवर एक वर्ष काढलं आहे, त्यांना या युद्धाचा निकाल इथेच कळला असेल.

ही फौज खंडाळ्याहून पुढे रोज जेमतेम एखादा मैल सरकत होती. इतिहासकारांना याचं भारी आश्चर्य वाटतं. रविवारी संध्याकाळी वलवणजवळ गाडीत बसलेल्या माणसाला अजिबात वाटत नाही. मराठ्यांनी पुढचं सगळं जाळून ठेवलं होतं. तळेगावला पोचावं तर गाव बेचिराख, दाणा नाही, वैरण नाही. पुणे तिथून एका मुक्कामावर, पण कमिटीने धीर सोडला. रातोरात माघार घ्यायची ठरली, अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना गाठलं. तिथे तहावर सह्या झाल्या. जिंकलेला मुलूख परत द्यायचा, रघुनाथरावांना हवाली करायचं, असा तह. सुटका झाल्यावर कंपनीने तो अर्थातच मोडला.

या लढाईतला खरा नग पुढेच आहे. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट नावाचा इंग्रजांचा एक अधिकारी कार्ल्याजवळ मारला गेला. झाडावर चढून मराठ्यांची छावणी न्याहाळत होता आणि तोफेचा गोळा लागला, अशी कथा सांगतात. हा माणूस इतक्या धाडसाने लढत होता की मराठ्यांनाच त्याचं कौतुक वाटू लागलं. त्यांनी त्याला फाकडा ही पदवी दिली, जी मानाजी शिंद्यांसारख्या आपल्या शूरालाच मिळायची. स्टुअर्टचा झाला इष्टुर. शत्रूच्या मेलेल्या कॅप्टनला आपल्या शूरांच्या पंगतीत पाट मांडून बसवणं हे फक्त मावळात होऊ शकतं. वडगावात त्याचं थडगं आहे आणि गावातल्या माणसांनी त्याला हातही जोडले आहेत. पुण्यावर चाल करून आलेला साहेब पुण्याला पोचलाच नाही, वाटेत देव झाला.

हे गाडीत सांगितलं, की पोरं मोबाइल काढतात आणि काका म्हणतात, "तुला कुणीतरी बनवलंय." मग पाच मिनिटांत ते स्वतः सांगतात, की लोहगडापासून थेट राजगडापर्यंत भुयार आहे. गाडी माना डोलावते. प्रत्येक किल्ल्यावरून प्रत्येक किल्ल्याला भुयार आहे असं धरलं तर सह्याद्री आतून पोकळ ठरतो, पण तो मुद्दा कुणी काढत नाही. लोहगडाचं नाव २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. हे भुयाराशिवायच झालं.

कामशेत गेलं की डावी-उजवीकडे भाजे आणि कार्ले. कार्ल्याला गाडी थांबते ती एकवीरा आईसाठी, आणि ते योग्यच आहे. आईला भेटायला मुंबई-रायगडचे कोळी बांधव पालख्या घेऊन येतात, तिथे आपण पार्किंगला जागा नाही म्हणून कुरकुर करायची नसते. पण देवीच्या देवळाला लागून जे लेणं आहे, त्यात बहुतेक लोक फोटोपुरते शिरतात. आत शिरल्यावर काका सांगतात, "हे पांडवांनी एका रात्रीत खोदलं." महाराष्ट्रातली सगळी लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली आहेत. वनवासात त्यांना झोप कधी मिळाली, हे व्यासांनाच माहीत.

खरं तर हे लेणं एका रात्रीत झालेलं नाही आणि फुकटातही नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वर्गणी काढून झालेलं काम आहे ते, आणि वर्गणीदारांची नावं खांबांवर कोरून ठेवली आहेत. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं असतं ना, वारा कमी आणि नाव जास्त, अगदी तसं. फक्त पंख्याऐवजी खांब आणि मराठीऐवजी ब्राह्मी लिपीतली प्राकृत. या खांब देणाऱ्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान पश्चिमेकडून आलेले त्यांच्यासारखे कुणी. म्हणजे मावळातल्या डोंगरात बुद्धाच्या चैत्यासाठी परदेशी माणूस पावती फाडतोय! त्याच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचं काम केलं, त्याचंही नाव तिथे आहे. दोन हजार वर्षांत कंत्राटदाराचं नाव कोरून ठेवायची पद्धत मोडली, ती बहुधा पहिल्या पावसानंतर रस्त्यांचं काय होतं हे कळल्यावर.

मावळातले खरे सिंहही इथेच आहेत. चैत्याच्या दारात सिंहस्तंभ आहे, तो एका महारठी सरदाराने दिला. सिंह बघायला लायन्स पॉइंटला जायचं कारण नाही.

पण मला सगळ्यात आवडतो तो भूतपाल शेटजी. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी, तिथला हा धनिक. त्याने शिलालेखात कोरून घेतलं, की हे शैलगृह अख्ख्या जंबुद्वीपात उत्तम आहे. जाहिरातच ती, आणि दोन हजार वर्षांनंतरही खोटी ठरलेली नाही. आतला चैत्य सुमारे ३८ मीटर लांब आहे आणि छताला सागवानी लाकडाच्या फासळ्या अजून आहेत. पुढे लोणावळ्याच्या बाजारपेठेत 'मूळ दुकान', 'अस्सल चिक्की', 'आमची कोठेही शाखा नाही' अशा पाट्या वाचताना मला भूतपालाची आठवण येते. त्याचीही शाखा नव्हती.

लोणावळ्यात शिरल्यावर काकांच्या आवाजाला धार येते, कारण आता पॉइंट सुरू होतात. त्यातला ड्यूक्स नोज दाखवून त्यांनी विचारलं, "सांगा बरं, ड्यूक कोण?" सातवीतला पठ्ठ्या म्हणाला, "काका, केटीएम ड्यूक. बाईक." सगळे हसले. पोराचं उत्तर चुकलं खरं, पण अगदीच हवेतलं नव्हतं. ती बाईक इथून फार लांब नाही, चाकणला बनते. काकांचं उत्तर होतं, "इंग्लंडच्या राणीचा नवरा." त्याला कुणीच हसलं नाही.

हा ड्यूक म्हणजे वेलिंग्टनचा ड्यूक. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. त्याचं नाक एवढं प्रसिद्ध होतं की त्याचे सैनिक त्याच्या माघारी त्याचा उल्लेख नाकावरूनच करायचे. ड्यूक होण्याआधी हा आर्थर वेलस्ली म्हणून आपल्याकडे होता. १८०३ साली पुण्यात आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जालन्याकडे असईला मराठ्यांशी लढला. पुढे उतारवयात त्याला विचारलं, की तुझी सगळ्यात उत्तम लढाई कोणती, तर तो वॉटर्लू म्हणाला नाही. असई म्हणाला. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत पाहिजे, पण ठळक अक्षरांत वॉटर्लू असतं. गावातली माणसं त्या सुळक्याला नागफणी म्हणतात. डोंगर करोडो वर्षांचा, नागाची फणा त्याच्या कितीतरी नंतरची, आणि ड्यूकचं नाक तर कालपरवाचं. पण पाटी त्या नाकाची लागली.

भुशी धरणावर ज्ञानाला सुट्टी असते. धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. आता पायऱ्यांवरून पाणी वाहतं आणि त्या पाण्यात अख्खा पुणे जिल्हा बसलेला असतो. आपण भिजून वर आलो की टपरीवर भजी, भाजलेलं कणीस आणि चहा. "आहाहा," काका म्हणतात, "हे खरं आपलं मराठमोळं खाणं!"

आता इथे एक प्लेट पुढे ओढून शांतपणे बसावं. कणसातला मका मेक्सिकोचा. कणसावर चोळलेली लाल मिरची, तीही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेली. चिक्कीतला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. वड्यातला बटाटा पेरूकडच्या अँडीज पर्वतातला. पाव पोर्तुगीजांनी शिकवला. भज्याचं बेसन ज्या हरभऱ्याचं, तो हरभरा मुळात तुर्कस्तानाकडचा. कांदा मध्य आशियाचा. चहा चीनचा. पोरांनी मॅगी मागवली असेल तर ती ज्युलियस मॅगी नावाच्या स्वित्झर्लंडच्या माणसाची. गूळ तरी आपला म्हणावा, तर ज्या उसाचा गूळ, त्या उसाची पहिली लागवड न्यू गिनी बेटावर झाली. मी हे मोजत मोजत टेबलावर बोलून दाखवलं, तेव्हा काकांनी भजं तोंडाजवळ थांबवलं. "मग आपलं काय?" मी म्हटलं, "पाऊस." त्यावर ते जरा सावरले.

पाऊसही आपला नाही, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. माणसाने एका टपरीवर किती धक्के द्यावेत! मावळात पडणारा हा पाऊस दक्षिण हिंदी महासागरावरून येतो. मॉरिशस आणि रियुनियन या मास्कारेन बेटांच्या दक्षिणेला, उन्हाळ्यात आपल्याकडे तापत असताना, हवेचा मोठा जास्त दाबाचा पट्टा तयार होतो. तिथून निघालेलं वारं विषुववृत्त ओलांडून, सोमालियाच्या किनाऱ्याला वळसा घालून कोकणावर आदळतं. पुढे सह्याद्री आडवा. ढगाला वर चढावं लागतं, वर गार हवा, आणि गार झाला की तो सगळं ओझं इथेच टाकतो. म्हणून लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्याला सातशेच्या आसपास. काकांचा सिद्धांत मात्र, लोणावळ्यात धरणं जास्त म्हणून पाऊस जास्त, असा आहे. धरणं तिथे का बांधली, याचं उत्तर त्यांनी उलटं लावलं आहे, इतकंच.

रियुनियनचं नाव लक्षात ठेवा, कारण तिथून आपल्याकडे पाऊसच नाही, तर डोंगरही आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत आजच्यापेक्षा बराच खाली, विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि आज जो तप्त भाग रियुनियन बेटाखाली आहे त्याच्यावरून सरकत होता. जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचत गेले. आपण घाटात पाहतो ते काळे पायऱ्यापायऱ्यांचे कडे म्हणजे ते थर. भूशास्त्रज्ञांनी या थरांना नावं दिली आहेत, आणि जगभरच्या विद्यापीठांत ज्यांना दख्खनचा बेसॉल्ट शिकायचा असतो ते 'लोणावळा उपगट' आणि 'खंडाळा फॉर्मेशन' असे शब्द घोकतात. परदेशातला एखादा पोरगा परीक्षेच्या आदल्या रात्री जागून खंडाळा पाठ करत असेल, ही कल्पना मला फार सुखाची वाटते.

त्याच सुमाराला डायनासोर संपले. आता त्यांना कुणी मारलं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. मुख्य आरोपी मेक्सिकोच्या युकातान भागात पडलेली उल्का. तिचं विवर सापडलं आहे, पुरावा भक्कम आहे. पण दख्खनच्या या ज्वालामुखींनी हवेत इतके वायू सोडले की त्यांनाही सहआरोपी करावं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या खुनाच्या खटल्यात मावळचं नाव आहे. मला व्यक्तिशः वाटतं की उल्केनेच मारलं असावं आणि आपल्याकडच्या लाव्हाने फार तर वातावरण तापवून ठेवलं असेल. पण हे गाडीत सांगून बघा. "लोणावळ्यामुळे डायनासोर मेले?" काका म्हणतात, आणि हसू आवरत नाही त्यांना. त्यांचा पोरगा मात्र एकदम गप्प होतो. त्याच्या पोर्शनमध्ये डायनासोर आहे.

परतीला काका खोपोलीपर्यंत उतरून वर यायचा आग्रह धरतात, घाट बघायला. जुन्या घाटात अमृतांजन पूल होता, १८३० सालचा. २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना तो पाडला. पुलाला नाव पडलं ते त्यावरच्या बामच्या जाहिरातीवरून. तो बाम १८९३ साली मुंबईत काढला आंध्रच्या काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी, आणि त्याच्या पैशातून पुढे त्यांनी आंध्र पत्रिका हे तेलुगू नियतकालिक चालवलं. पुलाखाली तासन्‌तास अडकून ज्यांचं डोकं दुखलं, त्यांना वर बघितलं की औषध दिसायचं. जाहिरात लावणाऱ्याने वाहतुकीचा अभ्यास केला असावा.

बोरघाटाच्या रेल्वेची गोष्ट तर मी काकांना सांगायचीच सोडून दिली आहे. ३७ फुटांना एक फूट चढ, २५ बोगदे, १८५६ ते १८६३ अशी सात-आठ वर्षं काम. वाट एका धनगराने दाखवली, त्याचं शिंगरोबाचं देऊळ जुन्या घाटात आहे. ही कथा ट्रकवाल्यांना ठाऊक आहे आणि काकांनाही. त्यावर त्यांचा विश्वास पक्का. पण कंत्राटदार सोलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, इंजिनिअर हाताशी घेऊन हा घाट पूर्ण करून दिला, म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी उमटते. "बाई? १८५९ला?" काकू मागून म्हणाल्या, "का हो, नवरे मधेच काम टाकून जायचे तेव्हाही." त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा खरी गोष्ट एकमताने मंजूर झाली.

आणि इंद्रायणीचं पाणी. लोणावळ्याजवळ उगम पावून ती देहू-आळंदीला जाते, पुढे भीमेत, भीमा कृष्णेत आणि सगळं बंगालच्या उपसागरात. पण १९११ साली टाटांनी वलवणला धरणाची पायाभरणी केली, आणि १९१५पासून या खोऱ्यातलं बरंचसं पाणी उलट दिशेने, नळांतून पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरतं, वीज करतं आणि अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेला निघालेला थेंब पश्चिमेला वळवून मुंबईचे दिवे लावायची ही युक्ती शंभर वर्षं चालू आहे. हेही कुणाला खरं वाटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी काकांना बोलू द्या, पण थोडं लवकर निघा. एक्स्प्रेसवेने गेलात तर वडगाव बघायचं राहून जातं. पुणे-लोणावळा लोकल वडगावला थांबते, मळवलीलाही थांबते. मळवलीला उतरलं की एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे आणि वर लोहगड. लोकलमध्ये पुढची सीट नसते.